मामेसासऱ्यांची जर्मन एसयूव्ही ११ लाखांत मिळतेय, घेऊ का? (दुरुस्तीची बिलं किती येतात ते खरं खरं सांगा)

कांदेपोहे
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय, सांभाळून घ्या.

तर बायकोचे मामा पार्ल्याला असतात. त्यांच्याकडे २०१३ ची एक जर्मन सात सीटर एसयूव्ही आहे, तीन लिटर डिझेल, एअर सस्पेन्शन, सनरूफ, सगळा थाट. एमएच ०२ पासिंग, ७६ हजार किमी. मामांचे गुडघे गेले, गाडीत चढायला आता स्टूल लागतं, मुलगा कॅनडात, म्हणून ते म्हणाले की जावईबापू तुम्हीच घ्या, बाहेरच्याला कशाला, ११ लाख द्या आणि न्या. नवी घेतली तेव्हा ७० च्या आसपास पडली होती म्हणे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मामा रिटायर झाल्यापासून दिवसभर नेटवरच असतात. माझी सध्याची गाडी म्हणजे २०१७ ची साधी हॅचबॅक. राहतो मुलुंडला, ऑफिस बीकेसी, पण ऑफिसला ट्रेन आणि रिक्षाच. गाडी लागते ती शनिवार-रविवार आणि वर्षातून तीनचार वेळा गावी संगमेश्वरला.

मामांचं म्हणणं एकच, "काही काम नाही हो गाडीला, फक्त डिझेल टाकायचं." बायको म्हणते तुमचं तुम्ही बघा, पण नंतर माझ्या मामाला नावं ठेवायची नाहीत. आता सांगा, अशा गाडीत नेमकं काय काय जातं, किती खर्च येतो, आणि नात्यातली गाडी तपासायची कशी, की तपासली तरी वाईट दिसतं?

वडाळा_नाका
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

टॉर्कभाऊ
फॉर्च्यूनर घे. धागा बंद करा अ‍ॅडमिन.

चिंगी७२
@टॉर्कभाऊ, गाड्यांच्या प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता, कोणी स्कूटी विचारली तरी फॉर्च्यूनर :))
बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

स्पॅनर_काका
कांदेपोहे, तुमचा प्रश्न बरोबर आहे फक्त उलट्या टोकाने विचारलाय. मी १४ वर्षं कंपनीच्या वर्कशॉपात काढली, आता कुर्ल्याकडे स्वतःचं लहानसं गॅरेज आहे, ह्याच गाड्यांचं. रोज एक तरी माणूस असा येतो ज्याने गाडी ११ लाखांची घेतलेली असते आणि बिल बघून म्हणतो अहो काका ११ लाखांच्या गाडीला हे बिल? तर बाबा गाडी ११ लाखांची झाली, पार्ट नाही झाला. पार्टला काय माहीत तुम्ही कितीला घेतली ते. दिलासा इतकाच की २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी २८ चा १८ झाला.

आता तुमच्या गाडीत काय बघायचं ते सांगतो, सवडीने वाचा.

पहिलं सस्पेन्शन. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराची हवेची पिशवी असते, आम्ही बलून म्हणतो. ते रबर घडीवर वाकून वाकून चिरतं, दहाबारा वर्षांत चिरतंच, त्यात कुणाची चूक नाही. चीर केसाएवढी असते, दिवसा कळत नाही कारण कॉम्प्रेसर हवा भरत राहतो. रात्री गाडी उभी असते तेव्हा हवा निघते आणि सकाळी तो कोपरा बसलेला दिसतो. लोक काय करतात, "चालू केली की उठते ना" म्हणून सहा महिने तशीच चालवतात. कॉम्प्रेसर बिचारा थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला, तो दिवसभर धापा टाकतो आणि जळतो. म्हणजे एका बलूनचं काम होतं ते बलून अधिक कॉम्प्रेसर असं होतं. कॉम्प्रेसर बदलताना त्याचा रिलेसुद्धा बदला, चारपाचशे रुपयांचा असतो पण चिकटला तर नवा कॉम्प्रेसरही मरतो.
बाहेर चांगल्या मेकचा पुढचा बलून ६०-७० हजार एक, कंपनीत त्याच्या जवळजवळ दुप्पट. कॉम्प्रेसर ५० ते ६०.

दुसरं तेलाचा पाझर. इथे एक गंमत सांगतो. मर्सिडीजच्या तीन लिटर व्ही-सिक्स डिझेलमध्ये, ते ओएम ६४२ म्हणतात, एमएल ३५० आणि जीएल ३५० दोन्हीत हेच इंजिन यायचं, ऑइल कूलर इंजिनच्या व्हीच्या मधोमध बसवलाय, टर्बोच्या खाली. त्याला रबराचे सील. आधी नारिंगी रंगाचे यायचे, ते उष्णतेने कडक होऊन गळायचे, मग कंपनीने जांभळे काढले. सीलची किंमत हॉटेलात दोघं जेवलात तर होईल तेवढी. पण तिथपर्यंत हात पोचायला टर्बो काढा, इनटेक मॅनिफोल्ड काढा, दोन दिवस जातात, त्यामुळे लेबरच ४० च्या पुढे. आणि तेल व्हीमधून मागे वाहत जातं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून खाली टपकतं, त्यामुळे नवशिके मिस्त्री छातीठोकपणे सांगतात की मागचं मेन सील गेलं, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. उतरवतात, सील बदलतात, बिल घेतात, आणि आठ दिवसांनी परत तेल तिथेच. असे तीन जण माझ्याकडे आलेत.

तिसरं चेन. ऑडी क्यू सेव्हनच्या ३.० टीडीआयमध्ये टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी, इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ डिझेलचंही तसंच. पुढे असती तर अर्ध्या पैशात झालं असतं, मागे म्हणून इंजिन नाहीतर गिअरबॉक्स खाली येतोच. दोन ते तीन लाख धरून चला. ओळखायचं कसं, तर पूर्ण थंड गाडी चालू करताना पहिले दोनतीन सेकंद मागून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. म्हणून बघायला जाल तेव्हा मामांना सांगा गाडी आधी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम असेल तर चहा प्या आणि परत या.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस उद्या लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

मुलुंडकर
काका साष्टांग दंडवत. वाचनखूण साठवली.

टॉर्कभाऊ
म्हणूनच म्हणतो फॉर्च्यूनर.

डबलडेकर
मी ह्या वाटेने जाऊन आलोय त्यामुळे हिशेब मांडतो, वहीत लिहून ठेवायची सवय आहे, बायको हसते पण आज उपयोग झाला.

डिसेंबर २०१९ ला १४ लाखांना घेतली, युरोपियन लक्झरी एसयूव्ही, नाव जाऊद्या. डिसेंबर २०२३ ला ६ लाखांना दिली. चार वर्षांत:
चार टायर, ३१ हजारांचा एक, म्हणजे १,२४,०००. बॅटरी ३१,०००, हो बॅटरी, सीटखाली असते आणि नवी बसवली की कॉम्प्युटरला सांगावं लागतं की बाई नवी बॅटरी आलीय, नाहीतर जुनीच समजून चार्ज करत बसते. ब्रेक पॅड पुढचे-मागचे सेन्सरसकट ३८,०००. लोअर आर्म आणि बूश ८२,०००, हे पूर्णपणे आपल्या खड्ड्यांचं देणं, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला अर्पण. पुढचे दोन बलून १,३६,०००. कॉम्प्रेसर ५८,००० (काकांनी सांगितलं तस्संच झालं, मीही "उठते ना" वाला). गिअरबॉक्सचं तेल ४६,०००. वर्षाची साधी सर्व्हिस २८ हजार गुणिले चार.

बेरीज ६,२७,०००. इन्शुरन्स, डिझेल, धुलाई, पोरांनी सीटवर सांडलेलं सगळं वेगळं. गाडी चालली एकूण ३१,००० किमी. म्हणजे किलोमीटरला वीस रुपये नुसते दुरुस्तीचे. तेवढ्यात मीटरची टॅक्सी आली असती आणि ड्रायव्हरशी राजकारणावर गप्पा फुकट.

पण खरं सांगू का, कसारा चढताना ती गाडी जशी जायची ना, मागे पोरं गाढ झोपलेली आणि आत काही आवाज नाही, तसं सुख परत मिळालं नाही. त्यामुळे घेऊ नका असं माझ्याच्याने म्हणवत नाही.

चिंगी७२
"बाई नवी बॅटरी आलीय" :))))
@डबलडेकर शेवटची ओळ वाचून नवऱ्याला धागा दाखवायचा बेत रद्द केलाय.

निळीछत्री
पावसाचं कोणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहिते, मुंबईत आहोत ना आपण.

एसयूव्ही उंच असते म्हणून पाण्यात घालायची हा मोठा गैरसमज. आमच्याकडची एसयूव्ही हिंदमाताला अडकली होती, नवरा चालवत होता, पुढची बेस्ट निघाली म्हणून हाही मागोमाग निघाला. बसने केलेली लाट बॉनेटवर आली, गाडी बंद. इथपर्यंत ठीक होतं. मग ह्याने दोनदा स्टार्टर मारला. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी जातं, पाणी काही दाबलं जात नाही, पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, त्याला हायड्रोलॉक म्हणतात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. एस्टिमेट ९ लाख. विमा कंपनी म्हणाली पुराचं नुकसान देतो पण पाण्यात उभी असताना चालू केलीत त्याने इंजिनाचं जे झालं ते नाही देणार, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यायला हवं होतं. आणि कांदेपोहे, १२-१३ वर्षांच्या गाडीला हे अ‍ॅड-ऑन मिळणं अवघडच, आधी विचारून घ्या.

माझे वडील २६ जुलै २००५ ला कलिन्यात गाडी सोडून चालत आले होते. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिमी पाऊस झाला होता. त्यांचा नियम एकच, पाण्यात बंद पडली की किल्ली खिशात टाकायची आणि उतरायचं. टो करून आणल्यावर मेकॅनिक बघेल. तेवढं ऐकलं असतं तर आमचं नऊ लाखांचं काम काही हजारांत आटपलं असतं.

अजून एक, सनरूफ. त्याच्या चारही कोपऱ्यांना पाणी जायच्या नळ्या असतात, त्यात गुलमोहराचा कचरा अडकतो. नळी तुंबली की पाणी छतातून खांबात आणि तिथून गालिच्याखाली. गालिचा वरून कोरडा दिसतो. खाली स्पंज असतो, हाताने दाबून बघा. काही गाड्यांत खालीच कॉम्प्युटरचे डबे आहेत.

वडाळा_नाका
+१ सनरूफ. मुंबईत सनरूफ म्हणजे लग्नाच्या वरातीत पोरं उभी करायला, बाकी उपयोग शून्य.

सायन_कोळीवाडा
उंदीर राहिले! आमच्या बिल्डिंगखाली वडापावची गाडी आहे, उंदीर मांजराएवढे. इंजिन गरम, कोपरा उबदार, वायर कुरतडायला आयती. बाहेरच्या मिस्त्रीने वायर जोडून दिली २५०० मध्ये, कंपनीवाले म्हणाले पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरांचा अख्खा जुडगा, बदलायला लागेल, १ लाख ४० हजार. आता बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवतो. लागू पडतं की नाही देव जाणे पण मनाला बरं वाटतं.

स्पॅनर_काका
उंदरांना तंबाखूची सवय लागते हो, माझ्याकडे एक गाडी आली होती, पानं खाऊन वायर पण खाल्ली होती. जाळी बसवा.

आता कालचं पुढे. गिअरबॉक्स. कंपनी म्हणते तेल लाइफटाइम आहे, बदलायचं नाही. लाइफ कुणाची ते लिहिलेलं नसतं. बीएमडब्ल्यू आणि रेंज रोव्हरमध्ये झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स येतो, तो बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा आठ वर्षं, जे आधी येईल तेव्हा तेल बदला. म्हणजे बनवणारा एक सांगतो, विकणारा दुसरं. त्यात खालचं तेलाचं पॅन प्लास्टिकचं, फिल्टर त्यातच, म्हणून फिल्टर बदलायचा तर अख्खं पॅन घ्यायचं. तुमच्या गाडीचा बॉक्स कुठलाही असो, २०१३ पासून तेल बदललेलं नसेल तर ४०-५० हजार आत्ताच बाजूला काढा. दोनतीनच्या मध्ये झटका मारतो का ते हळू ट्रॅफिकमध्ये बघा, हायवेला कळत नाही.

ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा. चारही चाकं ओढणारी गाडी आहे, चारही टायर एकाच मेकचे आणि साधारण सारखे झिजलेले पाहिजेत. एक टायर फुटला म्हणून एकच नवा टाकला की त्या चाकाचा घेर वेगळा, आणि ट्रान्सफर केस बिचारी रस्ताभर तो फरक जुळवत बसते. पैसे वाचवायला एक टायर घेतात आणि दीड-दोन लाखांचं काम अंगावर ओढवून घेतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही बघा.

पार्ट कुठून घ्यायचे असं व्यनित (खाजगी निरोपात) दोघांनी विचारलंय. कंपनीच्या डब्यात जो पार्ट येतो तो बऱ्याचदा लेमफर्डर, साक्स, माहले, बॉश, कॉन्टिनेंटल ह्यांनीच बनवलेला असतो, त्यांच्या स्वतःच्या डब्यात तोच स्वस्त मिळतो. ऑपेरा हाऊसला दुकानं आहेत, चेसिस नंबर देऊन मागवा, फोटो दाखवून मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये अर्ध्या वर्षाने पार्ट बदललेला असतो. सीएसटी रोडला कापलेल्या गाड्यांचा माल मिळतो, दरवाजा, आरसा, सीट असलं घ्यायला हरकत नाही. सेकंडमधला बलून मात्र घेऊ नका, तो म्हणजे दुसऱ्याने वापरलेला फुगा.

टॉर्कभाऊ
काका रेंज रोव्हरबद्दल पण लिहा, माझ्या बॉसला दाखवायचंय.

स्पॅनर_काका
बॉसकडे वॉरंटी आहे का? असेल तर खुशाल चालवू द्या, बसायला त्याच्याइतकी चांगली गाडी नाही. वॉरंटीबाहेरच्या तीन लिटर डिझेलला क्रँकशाफ्ट-बेअरिंगचं दुखणं जगजाहीर आहे, ते गेलं की अर्धं इंजिन दुरुस्त करता येत नाही, पुरंच घ्यावं लागतं. जुन्या डिस्कव्हरी ३ आणि ४ मध्ये तर बऱ्याच मोठ्या कामांना बॉडी चॅसीवरून उचलतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीच घाबरलो होतो, खाली इंजिन-चाकं आणि वर लिफ्टवर अख्खी गाडी लटकलेली, आतल्या आरशाला गणपती तसाच.

माटुंगा_मेल
मग जुन्याच्या नादाला न लागता बीएस-सिक्स घ्यावी, २०२० नंतरची, हा माझा विचार होता. घेतली. आता माझं ऐका. १ एप्रिल २०२० पासूनच्या मोठ्या डिझेलमध्ये अ‍ॅडब्लू लागतं, युरियाचं पाणी, ते ठीक, स्वस्त आहे. पण धुराच्या नळीत नॉक्स सेन्सर असतो, धुरातले नायट्रोजनचे वायू मोजणारा, तो गेला की पडद्यावर उलटी मोजणी सुरू, एवढे किमी राहिले, त्यानंतर गाडी चालूच होणार नाही. गाडी व्यवस्थित पळतेय, धूर नाही, काही नाही, आणि ती तुम्हाला धमकी देतेय. एक सेन्सर ५२ हजार. दोन असतात.

आणि डीपीएफ, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. माटुंगा ते लोअर परळ रोज पाच किमी, पाऊण तास. फिल्टरमधली काजळी जाळायला गाडीला पंधरावीस मिनिटं सलग पळावं लागतं, तिथे माझी गाडी शिवडीलाही पळत नाही. अर्धवट जाळणं सुरू होतं, मी बंद करतो, परत सुरू होतं. त्यात जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तेव्हा मला आधी आनंद झाला होता. आता दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी अटल सेतूवरून चिर्ल्याला जाऊन येतो, टोल भरून, काजळी जाळायला. बायको ह्याला गाडीचा मॉर्निंग वॉक म्हणते.

चिंगी७२
मॉर्निंग वॉक :)) ह्या धाग्यावरच्या सगळ्या बायकांचा एक वेगळा धागा निघाला पाहिजे.

मुलुंडकर
अवांतर: दिल्लीच्या गाड्यांचं काय? तिथे डिझेलची दहा वर्षांची भानगड म्हणून हीच मॉडेलं ५-६ लाखांत दिसतात.

डबलडेकर
एनओसी, इथली नोंदणी, इथला रोड टॅक्स, आणि तोवर नाक्यानाक्यावर हवालदाराला समजावणं. शिवाय ज्याने गाडी विकायचीच आहे असं ठरवलंय तो शेवटची दोन वर्षं तिच्यावर पैसे घालत नाही. मामांची गाडी निदान माणसाची आहे.

कांदेपोहे
धन्स मंडळी, विशेषतः काका. अपडेट देतो, जरा लांबण लागेल.

शनिवारी रात्री पार्ल्याला जेवायला गेलो. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप खिशात. जेवण झाल्यावर "पान घेऊन येतो" म्हणून खाली उतरलो आणि मोबाइलच्या उजेडात चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. चारही ५० सेंटिमीटरच्या आसपास. वॉचमन बघत होता, त्याला वाटलं टायर चोरतोय, त्याने सरळ मामांना इंटरकॉम केला. मामा बाल्कनीत. "जावईबापू, काय शोधताय?" म्हटलं काही नाही, नाणं पडलं.

सकाळी सातला परत हजर. मागची दोन्ही जागेवर. पुढचं डावं ४३. दोनदा मोजलं. मामा म्हणाले उतार आहे तिथे, म्युन्सिपाल्टीने फरशी नीट बसवली नाही. मी गप्प. तेवढ्यात मामी चहा घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "अहो ती रोज सकाळी अशीच बसलेली असते, चालू केली की घुर्र करून उठते हळूहळू. माझ्यासारखीच." मामांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग मामाच म्हणाले जा घेऊन, दाखव तुझ्या त्या काकांना. (म्हणजे धागा वाचलाय. मामा, नमस्कार.) थंड गाडी चालू केली, चेनचा आवाज नाही. गालिचा दाबला, मागे डावीकडे बोटं ओली. टायर तीन २०१९ चे आणि एक २०२३ चा. काकांनी स्कॅनर लावला, चाळीस मिनिटं, एक पैसा घेतला नाही. कागदावर लिहून दिलं ते असं: पुढचे दोन बलून १,४०,०००, कॉम्प्रेसर अखेरच्या घटका मोजतोय ६०,०००, इंजिनच्या मागून तेलाचा पाझर ४५,०००, गिअरबॉक्सचं तेल कधीच बदललेलं नाही ४५,०००, इंजिन माउंट ५०,०००. एकूण ३,४०,०००. टायर त्यात धरलेले नाहीत, सनरूफच्या नळ्या त्यांनी तिथेच फुंकून दिल्या, दोन मूठ पाला निघाला.

मामांनी कागद पाहिला, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले ठीक आहे, साडेसात दे. मला तर एकदम हो म्हणावंसं वाटलं.

मुलुंडकर
एक मिनिट. मुलुंडला म्हणजे नवीन टॉवरमध्ये ना? पार्किंग कुठलं आहे, साधं की ते वरखाली होणारं पझल? कारण आमच्याकडे पाटीवर वजन लिहिलंय.

कांदेपोहे
@मुलुंडकर तू देवमाणूस आहेस.

खाली जाऊन पाटी बघितली. सहा वर्षं रोज तिच्यासमोर उभा राहून गाडीची वाट बघतोय, कधी वाचली नव्हती. कमाल वजन २००० किलो. मामांकडून आरसीचा फोटो मागवला, त्यावर अनलेडन वेट लिहिलेलं असतं, २४०० च्या वर. तेही रिकाम्या गाडीचं. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, साहेब तुमच्या खालच्या पाळण्यात माझी गाडी असते, बोला काय करायचं.

टॉर्कभाऊ
फॉर्च्यूनरचं वजन पण दोन टनांच्या वर आहे बहुतेक. मी काहीच बोलत नाही.

चिंगी७२
अखेर!!!

निळीछत्री
मग ठरलं काय शेवटी?

कांदेपोहे
गाडी पार्ल्यालाच राहतेय. मामांनीच ठरवलं, विकायचीच नाही, कारण ५ लाखांच्या वर बाहेरून कोणी बोलेना आणि ५ ला द्यायला त्यांचा जीव होत नाही. बलून आणि कॉम्प्रेसर आत्ता, निम्मे पैसे माझे. बाकीची कामं जमतील तशी. संगमेश्वरला जाताना आम्ही पार्ल्याला हॅचबॅक लावायची, मामा-मामींना घ्यायचं आणि मी चालवायची. मामींसाठी स्टूल मागे ठेवायचं. २०२८ ला पंधरा वर्षं होतील तेव्हा पासिंग, ग्रीन टॅक्स वगैरे बघू.

डबलडेकर
म्हणजे गाडी मामांची, जागा मामांची, विमा मामांचा आणि स्टिअरिंग तुझं. अरे तू आम्हाला काय विचारत होतास, आम्ही तुला विचारायला हवं होतं.

कांदेपोहे
काका एक शेवटचं, गळतो फक्त डावा, तर मामा म्हणतायत दोन कशाला, एकच बदलू.

स्पॅनर_काका
दोन्ही. उजवा त्याच दिवशी जन्मलाय, तो किती दिवस थांबेल. मामांना सांगा जुना उजवा मी त्यांना हातात देईन, घडी उघडून बघा म्हणावं. बुधवारी सकाळी आणा, अकराच्या आत, नंतर सीएसटी रोडला गाडी वळवायला जागा मिळत नाही.